अमेरिकेतील कृष्णवर्णीय विधी विद्यार्थी

कृष्णवर्णीय विधी विद्यार्थी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कायद्याची पदवी घेत असलेले किंवा नुकतीच घेतलेले आफ्रिकी वंशाचे तरुण-तरुणी. कायदा शिकण्याच्या हक्कासाठी ज्यांना आधी कोर्टात वादी म्हणून उभे राहावे लागले, असा विद्यार्थीवर्ग जगात विरळा. त्यांची पार्श्वभूमी आणि त्यांच्या आकांक्षा या दोन्हींवर त्या लढ्याची खूण आजही दिसते.

आपल्याकडे बारावीनंतर पाच किंवा पदवीनंतर तीन वर्षे शिकून वकील होता येते. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग तीन वर्षांची जे.डी. ही कायद्याची पदवी आणि त्यानंतर ज्या राज्यात वकिली करायची तिथली बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या परवान्याची परीक्षा, असा लांबचा रस्ता आहे. चारित्र्याची छाननी होऊन सनद हातात पडेपर्यंत सात-आठ वर्षे जातात आणि बहुतेकांच्या डोक्यावर कर्ज चढलेले असते. लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचा वाटा सुमारे 13 टक्के आहे, वकिलांमध्ये मात्र तो 5 टक्क्यांच्या आसपास घुटमळतो.

मेकन बोलिंग ॲलन यांना 1844 मध्ये मेन राज्यात वकिलीची परवानगी मिळाली. ते अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय वकील मानले जातात. तेव्हा दक्षिणेत गुलामगिरी कायदेशीर होती. यादवी युद्धानंतर वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांसाठी हॉवर्ड विद्यापीठ निघाले आणि 1869 मध्ये जॉन मर्सर लँगस्टन यांच्या हाताखाली त्याचा कायदा विभाग सुरू झाला. त्याच वर्षी जॉर्ज ल्यूइस रफिन हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. हॉवर्डमधून 1872 मध्ये शार्लट रे बाहेर पडल्या. त्या देशातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला वकील. सनद मिळाली, कार्यालय थाटले, पण व्यवसाय टिकेल इतके अशील दाराशी आले नाहीत. अखेर त्या न्यूयॉर्कला परतून शाळेत शिकवू लागल्या. पदवी पदरात पडली तरी वकिली चालेलच असे नाही, हा अनुभव पुढच्या अनेक पिढ्यांच्या वाट्याला आला. अमेरिकन बार असोसिएशनने 1943 पर्यंत कृष्णवर्णीयांना दूर ठेवले, म्हणून त्यांनी 1925 मध्ये डे मॉइन येथे नॅशनल बार असोसिएशन ही स्वतःची संघटना उभारली.

या इतिहासाला वळण देणारे शिक्षक म्हणजे चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. पहिल्या महायुद्धात सैन्यात अधिकारी असताना आपल्याच देशाच्या गोऱ्या सैनिकांनी केलेला अपमान त्यांनी सोसला होता. परत आल्यावर ते हार्वर्डमध्ये कायदा शिकले आणि विद्यार्थ्यांनी चालवलेल्या हार्वर्ड लॉ रिव्ह्यू या नियतकालिकाच्या संपादक मंडळावरचे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी झाले. 1929 मध्ये हॉवर्डच्या विधी विद्यालयाची सूत्रे हाती आल्यावर त्यांनी रात्रीचे वर्ग बंद करून ते पूर्णवेळ केले आणि 1931 पर्यंत त्याला राष्ट्रीय मान्यता मिळवून दिली. या निर्णयाची झळ दिवसा नोकरी करून रात्री शिकणाऱ्यांना बसली आणि त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. पण ह्यूस्टन यांना वकिलांची संख्या वाढवण्यापेक्षा वर्णभेदाच्या कायद्याला कोर्टात खिंडार पाडतील असे वकील घडवायचे होते. वकील हा समाजाची घडण बदलणारा अभियंता असला पाहिजे, नाहीतर तो समाजावरचे बांडगूळ, अशी त्यांची शिकवण होती. हॉवर्डमध्ये ती अजूनही सांगितली जाते.

त्यांच्या वर्गातला सर्वांत गाजलेला विद्यार्थी थर्गुड मार्शल बाल्टिमोरचा. आई नॉर्मा शिक्षिका, वडील रेल्वेत आणि पुढे एका क्लबात वाढपी म्हणून काम करणारे. मेरीलँडच्या राज्य विद्यापीठाचे विधी विद्यालय घराजवळ होते, पण तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. म्हणून मार्शल रोज बाल्टिमोरहून वॉशिंग्टनला ये-जा करत. फीची रक्कम उभी राहावी म्हणून नॉर्मांनी आपली लग्नाची आणि साखरपुड्याची अंगठी गहाण टाकली. 1933 मध्ये मार्शल वर्गात पहिले आले. तीनच वर्षांत ह्यूस्टन आणि मार्शल या गुरुशिष्यांनी डोनाल्ड गेन्स मरे या विद्यार्थ्याची बाजू लढवून त्याच मेरीलँड विद्यालयाचे दार राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडून उघडून घेतले. मुलाच्या शिक्षणासाठी दागिने गहाण पडणे आपल्याला परके नाही, त्यामुळे नॉर्मांची अंगठी मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागू नये.

त्यानंतरचे खटले विद्यार्थ्यांच्याच नावाने ओळखले जातात. मिसुरीच्या लॉइड गेन्स यांना प्रवेश नाकारून राज्याने 'शेजारच्या राज्यात शिका, फी आम्ही भरतो' असा तोडगा पुढे केला. सर्वोच्च न्यायालयाने 1938 मध्ये तो फेटाळला. निकाल लागला, पण गेन्स वर्गात बसू शकले नाहीत. मार्च 1939 मध्ये शिकागोतल्या राहत्या जागेतून टपाल तिकिटे आणतो म्हणून ते बाहेर पडले आणि पुन्हा कुणालाच दिसले नाहीत. त्यांचे काय झाले याचा आजवर उलगडा झालेला नाही. मिसुरी विद्यापीठाने 2006 मध्ये त्यांना मरणोत्तर मानद पदवी दिली.

ओक्लाहोमात एडा लोइस सिप्युएल 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या आणि पुढच्या वर्षी विद्यापीठात दाखल झाल्या. तिथे त्यांची खुर्ची वर्गाच्या मागच्या बाजूला, 'कृष्णवर्णीय' अशी पाटी लावून वेगळी मांडलेली होती, जेवणाची जागाही निराळी. पदवी घेऊनच त्या बाहेर पडल्या आणि 1992 मध्ये त्याच विद्यापीठाच्या नियामक मंडळावर त्यांची नेमणूक झाली.

सगळ्यांत बोलका खटला हेमन मॅरियन स्वेट यांचा. ते ह्यूस्टन शहरातले पोस्टमन. 1946 मध्ये त्यांनी टेक्सस विद्यापीठाच्या विधी विद्यालयात अर्ज केला. पात्रता पुरेपूर होती, नकार केवळ वर्णामुळे. कोर्टाने मुदत दिल्यावर राज्याने काय करावे? ऑस्टिनमध्ये विधानभवनाजवळच्या एका इमारतीच्या तळघरात कृष्णवर्णीयांसाठी वेगळे विधी विद्यालय थाटले. विद्यापीठाकडे 16 पूर्णवेळ प्राध्यापक, 850 विद्यार्थी आणि 65,000 ग्रंथांचे ग्रंथालय होते. तळघरातल्या खोल्यांना त्याची सर येणे शक्यच नव्हते. स्वेट तिथे गेले नाहीत. 5 जून 1950 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यातला युक्तिवाद मोलाचा आहे. वकिली एकट्याने कोंडून घेऊन शिकता येत नाही, राज्यातली 85 टक्के लोकसंख्या ज्या वंशगटांची आहे त्यांना वगळलेल्या शाळेत शिकलेला माणूस पुढे त्याच समाजातल्या वकिलांशी, न्यायाधीशांशी आणि साक्षीदारांशी कसा वागणार, असे न्यायालयाने विचारात घेतले. इमारत आणि पुस्तके सारखी केली म्हणजे समता झाली, हा समज इथे कोलमडला आणि शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या, चार वर्षांनी आलेल्या ब्राउन निकालाची वाट मोकळी झाली. चार्ल्स ह्यूस्टन हे पाहायला उरले नव्हते, एप्रिलमध्येच त्यांचे निधन झाले. स्वेट यांना पदवी पूर्ण करता आली नाही. प्रकृती ढासळली, संसार मोडला, आणि पुढे ते समाजकार्याकडे वळले. नोंदींमध्ये विजयाचे वर्ष येते, वादी झालेल्या माणसाने मोजलेली किंमत बहुधा राहून जाते. ऑस्टिनच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीला पुढे स्वेट यांचे नाव देण्यात आले.

स्वेट आणि सिप्युएल यांनी अर्ज केले त्याच 1946 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अस्पृश्यांची भारतातली आणि कृष्णवर्णीयांची अमेरिकेतली स्थिती यांत मोठे साम्य आहे, असे सांगून त्यांनी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या निवेदनाची प्रत मागवली. लिहिणारा स्वतः बॅरिस्टर होता आणि मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचा माजी प्राचार्यही. ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. कायदा हे वंचितांच्या हातातले हत्यार, ही जाणीव दोन्हीकडे एकाच वेळी पिकत होती.

स्त्रियांना दुहेरी भिंत होती. पॉली मरे 1944 मध्ये हॉवर्डमधून पहिल्या आल्या, वर्गात त्या एकट्याच स्त्री. पुढील शिक्षणासाठी हार्वर्डने त्यांना स्त्री म्हणून नाकारले. वर्णभेदाला 'जिम क्रो' म्हणत, त्यावरून स्त्रियांच्या वाट्याच्या भेदाला त्यांनी 'जेन क्रो' हे नाव दिले. वेगळे ठेवणे हेच मुळात असमान आहे, असे थेट मांडावे, हा विचार त्यांनी हॉवर्डमधल्या निबंधात केला होता. तेव्हा वर्गमित्रांनी हसून तो उडवून लावला, आणि ब्राउन खटल्याच्या तयारीत तोच निबंध उपयोगी पडला. कॉन्स्टन्स बेकर मॉट्ली यांचे आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले, वडील येल विद्यापीठातल्या विद्यार्थी मंडळांकडे स्वयंपाकी. त्यांचे भाषण ऐकून एका गोऱ्या व्यावसायिकाने शिक्षणाचा खर्च उचलला. 1946 मध्ये त्या कोलंबियातून पदवीधर झाल्या आणि 1966 मध्ये देशातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला संघीय न्यायाधीश.

दारे उघडल्यावर आत एकटे पडण्याचा प्रश्न उरलाच. न्यूयॉर्क विद्यापीठात 1968 मध्ये ए. जे. कूपर यांनी कृष्णवर्णीय विधी विद्यार्थी संघटना स्थापन केली. देशभरच्या विद्यालयांत तिच्या शाखा निघाल्या. जुन्या वर्षांच्या नोट्स, परीक्षेआधीची एकत्र उजळणी, फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाची मूट कोर्ट (सरावाच्या खटल्यांची) स्पर्धा, नोकरीसाठी ओळखीपाळखी, अशी तिची कामे. कमला हॅरिस हेस्टिंग्ज विधी विद्यालयात शिकताना तिथल्या शाखेच्या अध्यक्ष होत्या. कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या विद्यापीठांपैकी आज हॉवर्ड, नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल, सदर्न, टेक्सस सदर्न, फ्लोरिडा ए अँड एम आणि वॉशिंग्टनमधले डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया अशा सहा ठिकाणी विधी विद्यालये आहेत. टेक्सस सदर्नचा उगम स्वेट यांच्या खटल्यात आहे. फ्लोरिडाचे विद्यालय राज्याने 1968 मध्ये बंद पाडले आणि पैसा जवळच्याच दुसऱ्या विद्यापीठाकडे वळवला. ते पुन्हा उभे राहायला 2002 साल उजाडले.

आजच्या विद्यार्थ्यांची घरे एकसारखी नाहीत. कुणी दक्षिणेतल्या लहान गावातून घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून येतो, कुणाचे आईवडील नायजेरिया, घाना किंवा हैतीतून आलेले, कुणाच्या घरी दोन पिढ्या वकिली आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन यांची सर्वांत जुनी आठवण मायामीतल्या विद्यार्थी निवासातली आहे. शिक्षकी सोडून वडील कायदा शिकायला लागले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांची जाडजूड पुस्तके मांडलेली, आणि शेजारी बसून ती चिमुरडी चित्रांत रंग भरायची. ज्यांच्या घरात असे टेबल नसते त्यांना एलसॅट या प्रवेश परीक्षेची शिकवणी कुठे लावावी, उन्हाळी उमेदवारी कुणाकडे मागावी, मुलाखतीनंतरच्या जेवणात काय बोलावे, हे सगळे स्वतःच हुडकावे लागते.

वर्गाची रीतही निराळी. प्राध्यापक यादीतून अचानक नाव पुकारतात आणि उभ्या-उभ्या प्रश्नांची फैर झाडतात, याला 'कोल्ड कॉल' म्हणतात. पोलिसांनी रस्त्यात अडवून झडती घेण्याचा खटला निघाला की वर्गातल्या एकुलत्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याकडे माना वळतात. ज्याच्या भावाला तसे अडवलेले असते, त्याला त्या क्षणी घटनादुरुस्तीचे कलम नेमक्या शब्दांत सांगायचे असते.

आकांक्षांचे विचाराल तर नागरी हक्क, गुन्हेगारी न्याय आणि निवाऱ्याचे प्रश्न यांची ओढ जुनी आहे. हार्वर्डमधून 1985 मध्ये बाहेर पडलेले ब्रायन स्टीव्हन्सन अलाबामात जाऊन फाशीच्या कैद्यांचे वकील झाले. कित्येकांना त्यांच्यासारखे व्हायचे असते. त्याच वेळी बड्या फर्म नवख्या वकिलाला वर्षाला 2,25,000 डॉलर देतात आणि सरकारी बचाव वकिलाचा पगार त्याच्या जवळपासही नसतो. कर्ज फेडायचे असते, घरी पैसे पाठवायचे असतात. अशा वेळी फर्मकडे जाणाऱ्याला समाज विसरला म्हणणे अन्यायाचे आहे, त्याच्या पगारावर अनेकदा धाकट्या भावंडांची शिक्षणे होतात. मात्र फर्ममध्ये वर चढण्याची वाट अरुंद आहे : 2020 मध्ये भागीदारांत कृष्णवर्णीय जेमतेम 2 टक्के होते. त्याआधी बार परीक्षेची खिंड. 2020 मध्ये पहिल्या प्रयत्नात श्वेत उमेदवारांपैकी 88 टक्के उत्तीर्ण झाले, कृष्णवर्णीयांपैकी 66 टक्के. तयारीचे दोन-तीन महिने नोकरी न करता बसता येते की नाही, याचा या फरकाशी जवळचा संबंध आहे. मिशेल ओबामा आणि कमला हॅरिस या दोघींनाही ही परीक्षा दुसऱ्यांदा द्यावी लागली होती.

प्रवेशात वंशाचा विचार करावा की नाही, यावर या वर्गाची संख्या हलत आली आहे. कॅलिफोर्नियाने 1996 मध्ये त्यावर बंदी घातली. पुढच्या वर्षी बर्कलीच्या विधी विद्यालयात पहिल्या वर्षाला एकच कृष्णवर्णीय विद्यार्थी होता, आणि तोही आदल्या वर्षीचा प्रवेश लांबवून आलेला. मिशिगनच्या विधी विद्यालयाबाबत 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा विचार करण्यास मुभा दिली आणि 29 जून 2023 च्या निकालाने ती काढून घेतली. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी भिन्नमत नोंदवले. निकालानंतरचा पहिला प्रवेश हंगाम म्हणजे 2024 चा. हार्वर्ड विधी विद्यालयात आदल्या वर्षी पहिल्या वर्षाला 43 कृष्णवर्णीय विद्यार्थी होते, त्या वर्षी 19 आले. तिथे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी सात तुकड्यांत बसतात, तुकडीत ऐंशीच्या आसपास. त्यांत या विद्यार्थ्यांच्या खुर्च्या सरासरी तीनही भरल्या नाहीत.