सिंहगडाचा उतार आणि ब्रेक ऑइलमधलं पाणी

सिंहगडावरून उतरताना माझ्या चौदा वर्षांच्या गाडीचं ब्रेक पेडल अचानक मऊ लागलं. दाबलं तर थेट तळाला. पहिला गिअर आणि हँडब्रेक यांच्या भरवशावर गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासानं पेडल पुन्हा पहिल्यासारखं कडक! खाली आल्यावर मेकॅनिकनं टाकीचं झाकण उघडून काळपट ब्रेक ऑइल दाखवलं. "ताई, हे शेवटचं कधी बदललं होतं?" मला आठवेना.

गड उतरताना गाडी साधारण ५०० मीटर खाली येते. एक टनाच्या गाडीची यात जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढीत १५ लिटर गार पाणी उकळीला येईल. खालच्या गिअरमध्ये इंजिनानं गाडी रोखली नाही, तर यातली बहुतेक उष्णता ब्रेकवर येते. ताजं डॉट-४ प्रतीचं ब्रेक ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषतं, अगदी रबरी होजमधूनसुद्धा. ३.७ टक्के पाणी मुरलं की ते १५५ अंशांनाही उकळू शकतं. पेडलचा जोर चाकांच्या ब्रेकपर्यंत हे ऑइलच पोचवतं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर बुडबुडे चेपण्यात संपतो. थंड झालं की बुडबुडे विरतात आणि पेडल कडक होतं.

'आमची गाडी फार चालतच नाही' हे इथे कामाचं नाही. सोसायटीत उभ्या गाडीचं ऑइलही पावसाळाभर ओल पीत असतं. दर दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं. टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालावर चालवणाऱ्या रबरी पट्ट्याचंही तसंच, फक्त त्याची मुदत वेगळी. उष्णतेनं आणि वयानं रबर चिरतं, तुटण्याआधी बहुधा आवाजही येत नाही. तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि थेट इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवावा लागतो.

म्हणून जुन्या गाडीचं सगळंच आधी बदलत सुटणं मात्र मला पटत नाही. नोलन आणि हीप यांच्या विमानदेखभालीवरच्या १९७८ च्या अहवालात, वयाबरोबर बिघाडाची शक्यता स्पष्ट वाढते असे भाग जेमतेम ११ टक्के निघाले होते. गाडीतही बेअरिंग आधी घुमतं, झिजलेले ब्रेक पॅड किंचाळतात, बल्ब गेला तर दुसरा लावता येतो. यांच्याकडे कान असला की पुरतं.

माझ्या गाडीत आता एक छोटी वही असते. तिच्यात दोनच नोंदी आहेत, ब्रेक ऑइल आणि टायमिंग बेल्ट. दोन्हींपुढे तारीख आणि किलोमीटर.