थर फिरवला, तरी उडी तितक्याच वेगाने

मॉलिब्डेनम डायसल्फाइड या धातू आणि गंधकाच्या संयुगाच्या एका थराची जाडी जेमतेम 0.65 नॅनोमीटर असते. त्यावर टंगस्टन डायसल्फाइडचा तेवढाच पातळ थर ठेवला, तर दोन्ही थरांना रासायनिक बंध नव्हे, तर व्हॅन डर वाल्सचे क्षीण आकर्षण धरून ठेवते. त्यामुळे वरचा थर खालच्याशी हव्या त्या कोनात बसवता येतो. मॉलिब्डेनमच्या थरावर योग्य प्रकाश पडला, की तेथे इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली धनभारित पोकळी अशी जोडी तयार होते. दोन्ही थरांच्या ऊर्जापातळ्या अशा आहेत, की इलेक्ट्रॉन जागीच राहतो आणि पोकळी टंगस्टनच्या थरात जाते. ही उडी 50 फेम्टोसेकंदांच्या (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग) आत पूर्ण होते, असे अमेरिकेतील बर्कलीच्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवले.

वास्तविक पाहता, वरचा थर फिरवून बसवला, तर ही उडी अडायला हवी. स्फटिकातील इलेक्ट्रॉनांच्या संवेगांचा नकाशा षटकोनी असतो आणि या पदार्थांत प्रकाशामुळे जन्मलेले भार त्याच्या कोपऱ्यांवर असतात. थर फिरवला की त्याचा नकाशाही फिरतो, कोपरे जुळेनासे होतात आणि संवेगाचा हिशेब बसत नाही. प्रयोगांत मात्र वेगवेगळ्या कोनांत रचलेल्या थरांच्या जोड्यांमध्येही उडीचा वेग फारसा बदलला नाही.

याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण नकाशाच्या मध्यबिंदूत आहे. कोपऱ्यांवरील भार प्रामुख्याने धातूच्या अणूंभोवती असतात, आणि धातूचा पापुद्रा गंधकाच्या दोन पापुद्र्यांमध्ये झाकलेला असल्याने शेजारच्या थराशी त्यांचा संबंध अगदीच थोडा येतो. उलट मध्यबिंदूजवळच्या अवस्थांमध्ये गंधकाचा वाटा मोठा असतो, म्हणून त्या दोन्ही थरांत पसरतात. जात्याचा वरचा दगड कितीही फिरवला तरी मधली खुंटी जागची हलत नाही, तसा हा बिंदू कोणत्याही कोनात जुळलेलाच राहतो. पोकळी याच वाटेने पलीकडे जाते, असे मानले जाते.

परतीच्या वाटेवर मात्र कोन आपला अधिकार गाजवतो, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. वेगळ्या थरांत गेलेले इलेक्ट्रॉन आणि पोकळी पुन्हा एकत्र येऊन प्रकाश टाकायचा, तर त्यांचे संवेग जुळावे लागतात आणि तिथे मध्यबिंदूची सोय उपयोगी पडत नाही. मॉलिब्डेनम व टंगस्टन यांच्या डायसेलेनाइडांच्या (गंधकाऐवजी सेलेनियम असलेल्या संयुगांच्या) थरांत कोन 1 अंशावरून 3.5 अंशांवर नेला, तर इलेक्ट्रॉन-पोकळीच्या अशा जोड्यांचे आयुष्य सुमारे दहापट बदललेले आढळले. सौर घटासाठी भार लवकर विलग होणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते गोळा होईपर्यंत विलग राहणेही; त्यातली ही दुसरी बाजू थर रचताना निवडलेल्या कोनाच्या हाती असते.