काल्पनिक लढाई, शतवार्षिक युद्धातील (वॉरगेमिंग)

इतिहासात न झालेली, पण वॉरगेमिंगच्या पटावर मांडली जाणारी इंग्रज आणि फ्रेंच सैन्यांची लढाई. काळ बहुधा शतवार्षिक युद्धाचा (१३३७–१४५३). टेबलावरच्या टेकड्या-झाडींतून सैनिकांच्या छोट्या मूर्ती किंवा षट्कोनी घरांच्या नकाशावरून सोंगट्या पाळीपाळीने पुढे सरकतात. चकमकीचा निकाल फासे आणि नियमांतली कोष्टके मिळून लावतात. या खेळामागची लष्करी परंपरा प्रशिया या जर्मन राज्याची. तिथल्या राइसविट्झ पितापुत्रांपैकी मुलाने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेले नियम प्रशियन सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरले.

क्रेसी (१३४६), प्वातिए (१३५६) आणि अ‍ॅजिनकोर्ट (१४१५) या गाजलेल्या लढाया हाताशी असताना काल्पनिक लढाई कशाला, याचे कारण साधे आहे. अ‍ॅजिनकोर्टला फ्रेंच बाजू घेणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. नांगरलेल्या, पावसाने भिजलेल्या त्या शेतात, दोन्हीकडच्या रानांच्या चिंचोळ्या पट्ट्यात, तो चिलखती सरदारांना मुळी घालतच नाही. अनोळखी मैदानावर मात्र दोघांनाही सेनापतीसारखा अंदाज बांधावा लागतो.

नियमांत तुकड्यांना दिलेल्या गुणांची (पॉइंट्स) बेरीज सारखी असलेली दोन सैन्ये मोकळ्या मैदानावर समोरासमोर उभी करणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत कमकुवत मांडणी. इंग्रज पद्धत बचावाची होती. चिलखती योद्धे घोड्यांवरून उतरून पायी लढत आणि बगलांना तिरंदाज राहत. इंग्रजाने जागा सोडायची नाही आणि फ्रेंचाने त्याच्याकडे जायचे नाही, असे दोघांनी ठरवले की खेळ तिथेच थांबतो. प्रत्यक्षातही हेच घडले होते. ऑक्टोबर १३३९ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड आणि फ्रान्सचा राजा सहावा फिलिप ईशान्य फ्रान्समधील ला कापेलजवळ आमनेसामने आले. फ्रेंचांनी ब्युइरोंफोस येथे खंदक खणून तळ मजबूत केला, हल्ला केला नाही, आणि एडवर्डला मागे फिरावे लागले. पुढच्या काळातील एका बखरीत त्या दिवसाची आठवण आहे. फ्रेंच फळीसमोरून ससा पळाला, आरडाओरडा झाला, लढाई जुंपली असे वाटून घाईघाईत काही जणांना सरदारकी दिली गेली आणि त्यांना ‘सशाचे सरदार’ हे नाव चिकटले.

काल्पनिक लढाईसाठी अशा हुकलेल्या भेटी सर्वांत कसदार. जुलै १३४७ च्या अखेरीस कॅले या फ्रेंच बंदराला इंग्रजांनी घातलेला वेढा उठवायला फिलिप जवळच्या सांगातच्या टेकाडांपर्यंत आला. किनाऱ्याची वाट इंग्रज जहाजांच्या माऱ्याखाली होती, आतल्या बाजूला दलदल होती आणि न्यूलेचा पूल इंग्रजांच्या हाती होता. फिलिप परतला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला उपासमारीने हैराण झालेले कॅले शरण गेले. पटावर हा प्रसंग मांडताना फ्रेंचांना हल्ला करावाच लागतो, कारण शहरातले धान्य संपत आलेले असते. हल्ल्यासाठी असे सबळ कारण देणे हे मांडणी करणाऱ्याचे पहिले काम. सैन्यांची यादी त्यानंतर येते.

लाँगबोचे, म्हणजे इंग्रज तिरंदाजांच्या लांब धनुष्याचे, नियम लिहिताना बहुतेकांचा हात सैल सुटतो. सोळाव्या शतकात बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेतून मिळालेली धनुष्ये खेचायला १०० पौंडांहून अधिक जोर लागे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे हत्यार जबरदस्त होते यात शंका नाही. पण बाणांच्या एका जुडीत २४ बाण. मिनिटाला ६ सोडले तरी चार मिनिटांत जुडी रिकामी होते. म्हणून नियमांत बाणांचा हिशेब हवाच. तिरंदाजांची खरी ताकद जागा धरून उभे राहण्यात होती. १८ जून १४२९ रोजी पाते येथे घोडे अडवणारे टोकदार खुंट रोवून सज्ज होण्याआधीच फ्रेंच घोडदळाने त्यांना गाठले आणि इंग्रज सैन्य उधळले गेले. फॉर्मिन्यीला (१४५०) दोन फ्रेंच तोफांच्या माऱ्याने इंग्रजांना जागेवर स्वस्थ राहू दिले नाही आणि फ्रेंच सेनापती रिशमोंची ताजी कुमक येताच त्यांचा पराभव झाला. तिरंदाज कुठे, किती वेळ आधी पोहोचले, हे विचारणारे नियम फ्रेंच खेळाडूला न्याय देतात.

फ्रेंच बाजूची अडचण हुकूम पाळला जाण्याची. क्रेसीला दिवस कलताना, थकलेले सैन्य पूर्ण गोळा होण्याआधीच हल्ला सुरू झाला. मोठ्या ढालींवाचून पुढे गेलेले इटलीतल्या जिनोआचे क्रॉसबोधारी (आडवे यांत्रिक धनुष्य वापरणारे भाडोत्री सैनिक) मागे हटू लागले, तेव्हा फ्रेंच सरदारांनी त्यांच्या अंगावरून घोडे घातले. हे पटावर आणायचे तर प्रत्येक सरदाराच्या तुकडीसाठी वेगळा फासा टाकतात. आकडा कमी पडला की ती तुकडी, राजाने थांबायला सांगितले असले तरी, समोर दिसणाऱ्या इंग्रज निशाणाकडे दौडत सुटते. सांगातच्या मांडणीत अशी एक तुकडी अवेळी न्यूलेच्या पुलावर जाऊन अडकली, तर मागून येणाऱ्या सगळ्या सैन्याला वाट उरत नाही.