सेवानिवृत्ती झाली, वानप्रस्थाचं काय?

३१ मे हा महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत शाल-श्रीफळांचा दिवस. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख घरात कुणालाच धड ठाऊक नसली की मास्तर बिनदिक्कत १ जून लिहून टाकायचे. आणि महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे मास्तरांनी पाच सेकंदांत ठोकलेल्या तारखेने बावन्न वर्षांनी खुर्ची रिकामी होते.

अशा निरोप समारंभात कुणीतरी हमखास म्हणतं, "साहेब, आता वानप्रस्थाश्रम सुरू!" साहेबही हसून मान डोलावतात. इथेच गल्लत होते.

सेवानिवृत्ती ही बाहेरून येते. 'नियत वयोमानानुसार' हा तिचा शब्दच सांगतो की ठरवणारा दुसरा आहे. राज्य सरकारात ५८, चतुर्थ श्रेणीला ६०, केंद्रात ६०. त्या दिवशी तुमचं पद जातं, सही जाते, शिपाई जातो. पेन्शन, उपदान (ग्रॅच्युइटी), रजा रोखीकरण यांचे कागद फिरतात आणि पुढे दर नोव्हेंबरात आपण हयात आहोत याचा दाखला द्यावा लागतो. हा सगळा हिशेब झालेल्या कामाचा. उद्या सकाळी साडेदहाला काय करायचं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

वानप्रस्थाला तारीख नाही, खुणा आहेत. मनुस्मृतीने तीन सांगितल्या: अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि नातवाचं तोंड. या खुणा आपल्या आपणच पाहायच्या. (ही सोय द्विज पुरुषांपुरतीच होती, हेही विसरायला नको.) शिवाय वानप्रस्थ म्हणजे संन्यास नव्हे. वनात गेलेल्यालाही रोजचे यज्ञ चुकत नाहीत, दारी आलेल्या अतिथीला असेल त्यातलं द्यावं लागतं. काम सुटत नाही, सुटते ती घरावरची मालकी. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. सेवानिवृत्तीत काम जातं आणि मालकीची सवय तशीच राहते. म्हणून तर निवृत्त साहेब महिनाभरात सोसायटीचे सेक्रेटरी होतात आणि वॉचमनकडून लेखी खुलासा मागवतात.

आता धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे घ्या. जन्म १८५८. १८९१पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते, १९१४ साली तिथून निवृत्त झाले आणि १९१६ साली, म्हणजे आज आपण ज्या वयात शाल घेतो त्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. निरोपाच्या भाषणांत हे उदाहरण 'साठीनंतरही सुरुवात करता येते' म्हणून देतात. मला ते थोडं फसवं वाटतं. अण्णांची सुरुवात कितीतरी आधी झाली होती. १८९३ साली त्यांनी स्वतः विधवेशी लग्न केलं, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेल्यावर कॉलेजचे तास संपले की ते पायी तिकडची वाट धरत. पगाराचं काम फर्ग्युसनमध्ये आणि जीव हिंगण्यात. त्यामुळे १९१४ साली नोकरी सुटली तेव्हा पायाखालची वाट आधीच मळलेली होती. पुढे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणाचं काम हाती घेतलं. चाळिशीत असं एखादं हिंगणं नसेल, तर साठीला ते अचानक कुठून उगवणार?

पण अण्णा आपल्या आवाक्याबाहेरचे, म्हणून घरातलं सांगते. शेतकऱ्याला आणि घरच्या बाईला नियत वयोमान नसतं. त्यांचा निरोप समारंभ कुणी करत नाही. माझ्या मावशीने बासष्टाव्या वर्षी, सून बाळंतपणाहून परत आली त्या आठवड्यात, मिसळणाचा डबा तिच्या हातात दिला. "आता फोडणी तुझी," एवढंच म्हणाली. पहिल्याच दिवशी मोहरी करपली. मावशी ओट्याशेजारी पाटावर बसली होती. तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि एक शब्द बोलली नाही. ती करपट आमटी दोनदा वाढून घेतली.

मग तिचा दिवस मोकळा झाला. दुपारी ती जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायला लागली. आधी नातवासाठी, मग शेजारच्या बाळंतिणीसाठी, मग पलीकडच्या वस्तीत ऊसतोडीला आलेल्यांच्या पोरांसाठी. विचारलं तर म्हणते, "हाताला चाळा." चाळा आणि काम यांतला फरक तिला माझ्याहून जास्त कळतो, पण मोठे शब्द तिला आवडत नाहीत.

लोणच्याची बरणी मात्र तिने अजून सुनेकडे दिलेली नाही.