पकड सुटल्यानंतरचे दहा सेकंद

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर भागात धानाचा चुरणा उरकला की रिकाम्या बांध्यांमध्ये कबड्डीची मैदानं आखली जातात. धसकटं उपटायची, पाणी मारून माती दाबायची, चुन्याच्या रेषा ओढायच्या, बांबूंवर हॅलोजन बांधायचे. मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेच्या, दिवसांत रात्री उशिरापर्यंत सामने चालतात आणि चार गावांची माणसं शाली गुंडाळून बांधावर बसलेली असतात.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका सामन्यात सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं घोट्याची पकड घाईनं टाकली. चढाई करणारा त्याला फरपटत घेऊन मध्यरेषेपार गेला. संघ आधीच मागे होता. बांधावरून शिव्या सुरू झाल्या. पोरगा मान खाली घालून बाहेर निघाला, तेव्हा कॅप्टननं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे गा. जागा बरोबर धरली होतीस, घाई केलीस. परत आत आलास का मी तुह्या बाजूनं येतो." दहा सेकंदही लागले नसतील.

सामना ते हरलेच. पण तो पोरगा परत आत आल्यावर त्यानं पुन्हा घोट्यालाच हात घातला, एकदा नाही, दोनदा. चारशे लोकांसमोर फजिती झालेला माणूस तीच गोष्ट लगेच पुन्हा का करू शकला, हे मला समजून घ्यायचं होतं.

शरीराच्या बाजूनं पाहू. ताण आला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींमधून कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात येतं. पण सगळे ताण सारखे नसतात. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या दोन संशोधिकांनी 2004 मध्ये प्रयोगशाळेतल्या 208 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. त्यांत माणसांना भाषण करायला लावलं होतं, गणितं घातली होती, कर्कश आवाज ऐकवले होते. कॉर्टिसॉल सर्वांत जास्त वाढलं ते दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा: दुसरं कुणी आपली किंमत ठरवतंय आणि पुढचं काही आपल्या हातात नाही. अशा वेळी ते खाली यायलाही जास्त वेळ लागला. बांधावरचा गलका म्हणजे नेमकं हेच. शिवाय अंगात मुरलेलं कौशल्य बिघडतं ते खेळाडू स्वतःच्याच हालचालींवर पहारा ठेवू लागला की. घोटा कुठे, हात कुठे, असा विचार करत पकड होत नाही.

आता कॅप्टनचं बोलणं परत वाचा. 'जागा बरोबर धरली होतीस' यात पोराची किंमत शाबूत राहिली. 'घाई केलीस' यात चूक नेमकी सांगितली आणि ती सुधारणं त्याच्या हातात दिलं. 'मी तुह्या बाजूनं येतो' यात त्याचं एकटेपण संपलं. हा अर्थ मी लावतोय, पण त्या दोन्ही गोष्टींवरचा उतारा यात आहे असं मला ठामपणे वाटतं.

करुणा हा शब्द आपल्याला संतांच्या अभंगांतला वाटतो. गावात त्याला 'सांभाळून घेणं' म्हणतात, आणि त्याचा अर्थ चूक पोटात घालणं असा नाही. दुसऱ्याच्या दुःखात आपणही बुडणं हासुद्धा नाही. जर्मनीतल्या मेंदूसंशोधक तानिया सिंगर यांच्या गटानं दाखवलं आहे की नुसती सहवेदना वाढवली तर माणूस स्वतःच हैराण होतो. करुणेचा सराव दिला तर त्याच्या मेंदूतली वेगळी जाळी जागी होतात आणि त्याला आधाराची, आपुलकीची भावना येते. कॅप्टनला रडून चालत नाही, त्याला पुढची चढाई अडवायची असते.

याचा हिशेब मैदानावरही झालेला आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांनी लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना काही तासांचं शिक्षण दिलं. मुलगा चुकला की आधी धीर द्या, मग नेमकं कसं करायचं ते सांगा, अपमान करू नका, एवढंच त्याचं सार. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात, शिक्षण न घेतलेल्या प्रशिक्षकांची 26 टक्के मुलं पुढच्या हंगामात खेळायला आलीच नाहीत. शिक्षण घेतलेल्यांकडे हे प्रमाण 5 टक्के होतं. आणि जिंकण्या-हरण्यात दोन्हीकडच्या संघांत फरक नव्हता. म्हणजे प्रेमानं वागलं तर पोट्टे ढिले पडतात ही भीती तिथे तरी खोटी ठरली. मी शाळेत असताना एका सरांनी झेल सुटला म्हणून माझ्या मित्राला सगळ्यांसमोर उठाबशा काढायला लावल्या होत्या. चांगला खेळायचा तो. त्यानंतर तो मैदानावर आला नाही, आणि त्याला बोलावून आणायला हवं हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. ते मला आजही लागतं.

पण खेळातलं हे वागणं गावात उतरतं का? इथे मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मॅट लोव या अर्थशास्त्रज्ञाचा उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधला प्रयोग. 2021 मध्ये तो प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या जातींचे 1,261 पुरुष त्यात होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं नशिबावर सोडून काहींना क्रिकेटच्या स्पर्धेत घेतलं, काहींना नाही. खेळणाऱ्यांतही काही संघ एकाच जातीचे, काही मिसळलेले. समोर कोणता संघ येणार तेही नशिबावर. मिसळलेल्या संघांतल्या खेळाडूंची दुसऱ्या जातींत मैत्री वाढली, आपल्याच जातीच्या माणसाला झुकतं माप देणं कमी झालं, वस्तूंच्या अदलाबदलीतही त्यांचं एकमेकांशी नीट जमलं. मात्र दुसऱ्या जातीशी फक्त प्रतिस्पर्धी म्हणून गाठ पडली, तिथे एकमेकांतलं येणं-जाणं साधारणपणे घटलंच.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. कारण आमच्याकडे संघ टोलीनिहाय, म्हणजे वस्तीवार, उतरतात. ही टोली विरुद्ध ती टोली. आणि टोली म्हणजे पुष्कळदा जातच असते, फलकावर ती लिहिलेली नसते एवढंच. आपण खेळातून एकोपा म्हणतो आणि मैदानाची आखणी मात्र अशी करतो की एकोपा होऊच नये. त्या पोराला सांभाळून घेणारा कॅप्टन त्याच्याच टोलीतला होता. समोरच्या टोलीतल्या पोराचा खांदा दुखावला, तेव्हा त्याच्याकडे कुणी गेलं नाही.

घरापर्यंतचं अंतर आणखी लांब आहे. एलिझाबेथ मिलर यांच्या कॅलिफोर्नियातल्या 16 शाळांच्या अभ्यासात प्रशिक्षक आठवड्याला पाव तास मुलांशी मुलींना मान देण्याविषयी बोलत. वर्षभरानंतर त्या मुलांकडून मैत्रिणींना होणारा त्रास इतर शाळांतल्या मुलांपेक्षा कमी दिसला. मुंबईच्या शाळांत क्रिकेट प्रशिक्षकांकडून हाच प्रयोग झाला. तिथे मुलींकडे बरोबरीनं पाहण्याची वृत्ती वाढली, पण दुसरं कुणी मुलींशी वाईट वागताना दिसलं तर मुलं काय करतात, यात ठोस फरक आढळला नाही. मला हा निकालही महत्त्वाचा वाटतो. मन आधी वळतं, हात मागून. प्रशिक्षकाच्या एका हंगामावर सगळा भार टाकता येत नाही.

यंदाच्या मंडईच्या बैठकीत मी लोवचा प्रयोग सांगितला. शेवटच्या दिवशी टोल्या मोडून, सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपल्यात टाकून संघ करावेत, असं सुचवलं. जुनी माणसं नाराज झाली. एक काका म्हणाले, "मंग आमी कोणासाठी ओरडावं?" त्यांच्या प्रश्नात दम होता, माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी पोरांनीच हट्ट धरला आणि एक दिवस मिळाला. टोपलं धरायला घोट्याची पकड सुटलेला तोच पोरगा उभा राहिला. पहिल्या चिठ्ठीत त्याचं नाव निघालं आणि दुसरीत खांदा दुखावलेल्या त्या पोराचं.