आर्नहेम लँडला भेट देण्यासाठी परवाना: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील आर्नहेम लँड हा प्रदेश 1931 मध्ये आदिवासींसाठी राखीव घोषित झाला आणि 1976 च्या भूमी हक्क कायद्यानुसार तेथील जमिनीची मालकी न्यासांमार्फत पारंपरिक मालकांकडे आली. त्यामुळे भारतीय पर्यटकाकडे ऑस्ट्रेलियाचा वैध व्हिसा असला, तरी या जमिनीवर प्रवेश करण्यासाठी पारंपरिक मालकांच्या वतीने काम करणाऱ्या नॉर्दर्न लँड कौन्सिल या संस्थेचा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. विनापरवाना प्रवेश हा गुन्हा आहे.

अर्ज कोणत्याही देशाच्या नागरिकाला करता येतो. मात्र परवाना हा हक्क नव्हे. मालक तो नाकारू शकतात आणि दिलेला परवाना रद्दही करू शकतात, म्हणून भेटीचा हेतू मोघम न लिहिता स्पष्ट व प्रामाणिकपणे लिहावा. अर्जात सर्व प्रवाशांची नावे, संपर्काचा पत्ता, प्रवासाच्या तारखा, मार्ग आणि वाहनाचा नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती जवळ ठेवाव्यात. मालकांचा विचार घेण्यास वेळ लागतो, तेव्हा अर्ज पुरेसा आधी करावा. संशोधन किंवा व्यावसायिक चित्रीकरण करायचे असल्यास पर्यटनाचा परवाना चालत नाही. त्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागते. मार्गदर्शक संस्थेच्या सहलीतून जाणाऱ्यांचे परवाने बहुधा ती संस्थाच काढते, तरीही नोंदणी करतानाच याची खात्री करून घ्यावी.

पहिल्यांदा जाणाऱ्याने गनबलान्या हे गाव निवडावे, असे मला मनापासून वाटते. येथील इंजलाक कला केंद्रात चित्रकार काम करताना दिसतात, केवड्याच्या कुळातील पँडॅनसच्या पानांपासून टोपल्या विणल्या जातात, आणि जवळच्या इंजलाक टेकडीवरील प्राचीन शैलचित्रे स्थानिक वाटाड्यासोबत पाहता येतात. पश्चिम आर्नहेम लँडमधील वनरक्षणाची पद्धतही समजून घेण्याजोगी आहे: कोरड्या ऋतूच्या आरंभी आदिवासी रेंजर ठिकठिकाणी लहान, आटोक्यातील आगी लावतात, त्यामुळे वर्षाखेरीचे प्रचंड वणवे रोखले जातात आणि हरितगृह वायूंचे उत्सर्जनही घटते. जे ज्ञान त्यांनी पिढ्यानपिढ्या जपले, त्याला आता कार्बन-बाजारातही (जिथे उत्सर्जन घटवल्याचा मोबदला मिळतो) मोल मिळते, ही फार महत्त्वाची गोष्ट आहे.

परवान्यात नमूद केलेल्या मार्गाबाहेर जाऊ नये, परवानगीशिवाय माणसांची किंवा विधींची छायाचित्रे काढू नयेत आणि मद्य सोबत नेऊ नये. शेजारच्या काकाडू राष्ट्रीय उद्यानाकडून गनबलान्याला जाताना ईस्ट अ‍ॅलिगेटर नदी काहिल्स क्रॉसिंगवर ओलांडावी लागते. तेथे मगरी असून भरतीच्या वेळी रस्ता पाण्याखाली जातो. त्यामुळे निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक तपासावे, आणि तेथील पावसाळ्यात हा मार्ग बंद राहतो हे लक्षात घेऊनच अर्जातील तारखा ठरवाव्यात.