शेवट मोजायचे कसे? अनेक शेवटांच्या व्हिडिओ गेमची पार्श्वभूमी

२०२३ च्या ऑगस्टमध्ये 'बॉल्डर्स गेट ३' आला. त्याच्या शेवटाच्या १७ हजार तऱ्हा आहेत, असं बनवणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. २०१५ च्या 'विचर ३' बद्दल हाच आकडा ३६ होता. १९८६ च्या 'मेट्रॉइड'ला पाच शेवट होते. गेम किती तासांत संपवला त्यावर शेवटचं चित्र बदलायचं, एवढंच. सदतीस वर्षांत लेखकांची कल्पनाशक्ती हजारो पटींनी वाढली, असं काही झालेलं नाही. शेवट मोजायची पद्धत बदलली.

घोळ शब्दापासूनच आहे. 'लै एंडिंग हाईत त्याला' असं आपल्याकडे कुणी म्हणतो, तेव्हा गोष्टीला वाटा फुटतात असं त्याला म्हणायचं असतं की नुसतं शेवटचं दृश्य बदलतं, ते कळत नाही. कोल्हापूरकराला हा फरक रस्त्यावरून सांगता येतो. पुण्याहून हायवेनं येताना शिरोलीला सांगली फाटा लागतो. तिथं डावीकडं वळलात की हातकणंगले, जयसिंगपूर, कोल्हापूर सुटलं. हा खरा फाटा. पुढं तावडे हॉटेलपाशी उजवीकडं शहरात शिरा, नाहीतर सरळ उजळाईवाडीपर्यंत जाऊन विद्यापीठाच्या बाजूनं या. सिग्नल वेगळे लागतील, पोचणार बिंदू चौकातच. गेममधल्या बहुतेक निवडी या दुसऱ्या जातीच्या असतात. यात लबाडीपेक्षा हिशेबाचा भाग जास्त. दर वळणावर दोनच पर्याय ठेवले आणि एकही वाट परत जोडून घेतली नाही, तर दहा वळणांत १,०२४ शेवट होतात. प्रत्येक लिहायचा, आवाजात रेकॉर्ड करायचा, चितारायचा आणि खेळणारा त्यातला एकच बघणार. एवढा पैसा कुणाकडंच नसतो.

ही युक्ती व्हिडिओ गेमच्याही आधीची आहे. १९६७ च्या मॉन्ट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात एक चित्रपट दाखवत. मधेमधे तो थांबायचा आणि पुढं काय व्हावं ते प्रेक्षक बटण दाबून ठरवायचे. मत कसंही द्या, शेवटी नायकाची इमारत जळायचीच. पुढच्या दशकात कॉम्प्युटरवर मजकुराचे गेम आले, १९७९ पासून 'अमुक करायचं असेल तर तमुक पान उघडा' छापाची मुलांची पुस्तकं निघाली. १९९० च्या 'विंग कमांडर'मध्ये मोहीम हरलात तरी गेम संपत नव्हता, हरलेल्या वाटेनं पुढं जायचा. १९९५ च्या 'क्रोनो ट्रिगर'नं एकदा संपवलेला गेम कमावलेल्या ताकदीसह पुन्हा सुरू करायची सोय दिली आणि शेवटच्या शत्रूशी कधी भिडता त्यावर डझनाच्या वर शेवट ठेवले. यातलं आमच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. आमच्याकडं टीव्ही गेम होता, त्याची कॅसेट फुंकर मारून लावायची, आणि शेवट दोनच: राजकन्या सुटली किंवा लाइट गेली.

ओळख झाली ती २००२-०३ नंतर, सायबर कॅफेत. तासाला वीस रुपये देऊन लोक ईमेल बघायला यायचे आणि मागच्या दोन मशीनवर आम्ही. तिथल्या अडचणी कुठल्याच इतिहासात येत नाहीत. कॅफेवाल्यानं असं सॉफ्टवेअर टाकलेलं असायचं की मशीन रीस्टार्ट झालं की सगळं मूळपदावर, सेव्ह फाइलसकट (गेम कुठवर आला त्याची नोंद तिच्यात असते). त्यात लोडशेडिंग. एका बैठकीत संपला तरच गेम संपायचा. सीडी मिळायच्या त्या 'रिप' केलेल्या. ७०० एमबीत मावावं म्हणून मधले व्हिडिओ आणि कधीकधी आवाजही काढून टाकलेला. शेवट अनेक असतात हे आम्हाला कळलं तेव्हा आमच्या सीडीवर त्यातला एकही नव्हता.

याच काळातला 'सायलेंट हिल २' (२००१) मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात वरचा वाटतो. मेलेल्या बायकोचं पत्र आलं म्हणून नायक तिला शोधायला निघतो, अशी गोष्ट. त्यात मोठे शेवट पहिल्या खेपेला तीनच, पण तुम्हाला कुठं थांबवून 'आता ठरवा' असं विचारत नाहीत. गेम गप बसून बघत असतो. जखमी असताना औषध घेता की तसेच फिरता? बायकोचं पत्र पुन्हा काढून वाचता का? एका मुलीचा चाकू तुमच्याकडं येतो. तो परत परत काढून निरखता का? सोबतच्या बाईच्या किती जवळ राहता? याची बेरीज होते आणि तुमचा शेवट निघतो. चाकू निरखणाऱ्याचा, जखमी फिरणाऱ्याचा नायक जीव देण्याकडं झुकतो. तीन बटणं समोर मांडून 'एक दाबा' म्हणणाऱ्या गेमांना हे कधी जमलं नाही. 'डेउस एक्स' (२०००) माझा लाडका असला तरी त्याचे तीन शेवट त्याच जातीचे. एका सेव्हवरून तासाभरात तिन्ही बघता येतात.

आणि बटणांचा विषय निघाला की 'मास इफेक्ट ३' टाळता येत नाही. अंतराळात यंत्रशत्रूशी लढायच्या या मालिकेचा पहिला भाग २००७ चा, दुसरा २०१० चा, तिसरा मार्च २०१२ चा. तिची खरी करामत म्हणजे सेव्ह फाइल. पहिल्या भागातले निर्णय फाइलमधून दुसऱ्यात जायचे, तिथून तिसऱ्यात. पाच वर्षं एकच फाइल सांभाळायची. आमच्यातल्या एकानं पीसी फॉरमॅट करण्याआधी ती तीन पेनड्राइव्हवर घेतली होती आणि त्यातला एक घरच्या कपाटात आईच्या पाटल्यांशेजारी ठेवला होता.

वाटा जोडून घेणं इथंही होतंच. पहिल्या भागात परग्रहावरच्या कीटकांची राणी तुमच्या हाती लागते; मारा किंवा सोडा. मारली असली तरी तिसऱ्या भागात त्याच गुहेत शत्रूनं बनवलेली नकली राणी बसलेली सापडते. उजळाईवाडीचाच रस्ता. पण ते खपून गेलं, कारण मुक्काम यायचा होता. हा शेवट 'अ, ब, क' छापाचा नसेल, असं प्रकाशनाआधी मुलाखतीत सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात तीन प्रकाश निघाले. तांबडा: यंत्रशत्रूचा नाश. निळा: त्यांच्यावर ताबा. हिरवा: माणूस आणि यंत्र एकजीव. पुढचं दृश्य जवळजवळ तेच, फक्त उजेडाचा रंग निराळा. पेनड्राइव्हवाल्याचा रात्री दीडला फोन आला.

"भावा, कुठलं घेतलंस?"

"हिरवं."

"मी तांबडं. सेमच हाय की रं!"

जगभर हीच ओरड झाली. खेळाडूंनी स्टुडिओला चारशे कपकेक पाठवले, तीन रंगांचं आयसिंग आणि चव एकच. (आपल्याकडं तांबडा आणि पांढरा निदान चवीला तरी वेगळे असतात.) स्टुडिओनं ते गरजू मुलांच्या निवाऱ्याला देऊन टाकले. निषेध म्हणून आजारी मुलांसाठीच्या निधीत ८० हजार डॉलर जमले. एकानं अमेरिकी सरकारच्या ग्राहक यंत्रणेकडं फसव्या जाहिरातीची तक्रार केली. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की गोष्ट लिहिणाऱ्याची असते, गर्दीच्या दबावानं शेवट बदलला तर उद्या कुणीच अवघड शेवट लिहिणार नाही.

मला हा वाद चुकीच्या जागी लढला गेला असं वाटतं. शेवट दुःखाचा होता म्हणून लोक चिडले, असं सांगणाऱ्यांनी गेम खेळला नसावा. राग आकडेमोडीचा होता. शंभर तास जे जमवलं त्याचं काय केलंत, हा प्रश्न होता. गेममध्ये सैन्याच्या तयारीचा आकडा दिसायचा. एकट्यानं खेळणाऱ्याची तयारी ५० टक्क्यांवर अडकलेली, ती वाढवायला ऑनलाइन मल्टिप्लेअर खेळावं लागायचं. इथल्या तेव्हाच्या नेटवर ते म्हणजे हात बांधून कुस्ती. आणि इतकं करून तो आकडा शेवटी त्याच तीन रंगांपाशी आणून सोडायचा.

स्टुडिओनं २६ जून २०१२ ला वाढीव शेवट फुकट दिला. दीड-दोन जीबीची फाइल, ५१२ केबीपीएसवर रात्रभर. सकाळी बघितलं तर शेवट तेच होते. मधल्या भानगडींची स्पष्टीकरणं आली होती, कोण कुठं पोचलं त्याची चित्रं आली होती. चौथा पर्यायही आला: तिन्ही नाकारायचा. तो घेतला की सगळे मरतात. मला तो शेवट कमी आणि तक्रारखोरांना दिलेला टोमणा जास्त वाटला. म्हणजे शेवट 'बदलला' असं दोन्ही बाजू म्हणत राहिल्या आणि तो बदललाच नव्हता. खरोखर बदलण्याचं उदाहरण त्याआधीच झालं होतं. 'फॉलआउट ३' (२००८) च्या शेवटी जीवघेण्या किरणोत्सर्गाच्या खोलीत नायकानं जायचं, आणि ज्याला किरणोत्सर्ग बाधत नाही असा सोबती शेजारी उभा राहून नकार देतो. २००९ च्या विकतच्या जोडभागात तो सोबती आत जायला तयार झाला आणि गोष्ट पुढं चालू राहिली. तेव्हा कलेच्या स्वातंत्र्यावर एवढा काथ्याकूट झाला नाही.

२०१२ नंतर बनवणारे सावध झाले. काहींनी जोडकाम उघडं मांडलं. 'डिट्रॉइट: बिकम ह्यूमन' (२०१८) प्रत्येक प्रकरणानंतर वाटांचा नकाशाच दाखवतो, न घेतलेल्या वाटा कुलूप लावून. 'अंडरटेल' (२०१५) उलट्या बाजूनं गेला; तुम्ही पुन्हा सुरुवात केली तरी आधी काय केलंत ते त्याच्या लक्षात असतं. आणि बाकीचे आकड्यांच्या मागं लागले. 'विचर ३' मधल्या नायकाच्या मानसकन्येच्या गोष्टीला मोठे शेवट तीन. सिंहासनावर कोण बसतं, नायक कुणासोबत राहतो, असल्या गोष्टींनी गुणत गेलं की ३६ होतात. 'निअर: ऑटोमाटा' (२०१७) नं या मोजणीची थट्टाच केली. ए पासून झेडपर्यंत २६ शेवट, आणि त्यातला एक म्हणजे मासा खाल्ला की यंत्रमानव नायक मेला, श्रेयनामावली सुरू. 'बॉल्डर्स गेट ३' चे १७ हजारही गुणाकारानंच येतात.

दरम्यान २०१६ च्या सप्टेंबरनंतर डेटा स्वस्त झाला आणि शेवट खेळण्यापेक्षा बघण्याची गोष्ट झाली. रंकाळ्यावर बसून वीस मिनिटांत कुठल्याही गेमचे सगळे शेवट फोनवर बघून होतात. मीही 'सायलेंट हिल २' चे तिथंच बघितले. कॅफेत तो मी संपवला होता, पण रिपच्या सीडीत शेवटची लढाई झाली की पडदा काळा आणि थेट डेस्कटॉप. तिन्ही शेवट दोनदा बघितले. चाकू निरखल्याचं आठवतंय, औषधं राखून ठेवल्याचंही. पत्र पुन्हा वाचलं होतं की नाही, ते काही केल्या आठवत नाही.